तोमासा कशाने गेली

झेनायदा ओल्वेराने आपल्या आईला मारलं, असं आमच्या वस्तीत बोललं जायचं. उघड नाही, हळूच. उघड बोलायची सोयच नव्हती, कारण सीमेवरच्या नदीअलीकडे वसलेल्या लास पितायासमध्ये शिंपीण ती एकच, आणि पंधराव्याला टेकलेली पोर घरटी एक. पंधराव्या वाढदिवसाचा घेरदार झगा जी शिवणार, तिला खुनी म्हणायचं तर आधी दुसरी शिंपीण शोधून ठेवावी लागते.

मला ही बातमी दिली चोलेने. चोले म्हणजे सोलेदाद. विधवा बाई, झेनायदाच्या कुंपणाला कुंपण लावून राहणारी, आणि झेनायदाच्या धाकट्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलेली त्याची धर्ममाता, म्हणून झेनायदाची कोमाद्रे. कोमाद्रेचं नातं बहिणीहून जवळचं. जवळची म्हणून तिला जास्त माहीत असतं, आणि जास्त माहीत असतं म्हणून पोटात राहत नाही. कालव्याच्या पुलाशी माझी बर्फाच्या गोळ्याची टपरी आहे. दुपारी तीनच्या उन्हात चोले तिथे आली.

"चेमामामा, चिंच जरा सढळ हाताने घाला. तुम्हाला एक सांगायचंय."

मी चिंचेचं पाणी घातलं, वर तिखट भुरभुरलं.

"तुमच्या त्या लाडक्या शिंपिणीने आईला मारलंय."

"कशाने? विष घालून?"

"विष घातलं असतं तर पोलिसांनी तरी बघितलं असतं. दुःख घातलं."

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे माणसं दुःखाने मरतात. रागाने मरतात, धसक्याने मरतात. माझा थोरला चुलता रागाने गेला. शेजाऱ्याने विहिरीत मेलेलं डुक्कर टाकलं होतं. डॉक्टरने कागदावर यकृत लिहिलं, पण ते डॉक्टरचं मत. डुक्कर आम्ही बघितलं होतं.

चोलेचं माहेर झेनायदाच्या गावापासून दोन कोसांवर, नदीपलीकडे, बसने अकरा तास. त्यामुळे बातमी पक्की. ती अशी की, एकवीस वर्षांपूर्वी झेनायदा एकोणीसची असताना इकडून एव्हारिस्तोने तिला बोलावणं पाठवलं. हा एव्हारिस्तो, आता तिचा नवरा, तेव्हा छपरं घालायच्या कामावर होता, आजही आहे. बाप नव्हता. आई तोमासा, थोरली बहीण क्लेओफास आणि ही. पोरीने बोचकं बांधलं. पहाटेच्या बसला निघताना रीतीप्रमाणे उंबऱ्यात गुडघे टेकले. निघणाऱ्या लेकराच्या कपाळासमोर आईने हाताने क्रूस काढायचा, तो घेऊन मग पाऊल बाहेर टाकायचं. शेजारच्या गावाला मीठ आणायला निघालेलं पोरही तो घेतल्याशिवाय जात नाही. तोमासाने हात उचलला नाही. पोर गुडघ्यावर, आई तिच्याकडे बघते आहे, हात खाली. शेवटी म्हणाली, "ऊठ, बस चुकेल," आणि आत गेली.

पाच महिन्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला. पलीकडून क्लेओफास. दोघी आईला अमा म्हणत. "अमा गेली. तुझ्या दुःखाने गेली." झेनायदाला मातीला जाता आलं नाही. कागद नसलेल्या माणसाला ही नदी एकाच दिशेने ओलांडता येते. गेली असती तर इकडे नवरा आणि पोटातलं पोर सोडून कायमची गेली असती.

एवढी बातमी. ती मी पुढे कुणाकुणाला सांगितली ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी सांगणार नाही.

पण बातमी कळल्यावर झेनायदाच्या काही गोष्टी माझ्या डोळ्यात भरायला लागल्या. आपल्या पोरांना ती सकाळी दारात उभं करून क्रूस काढल्याशिवाय शाळेच्या बसमध्ये बसू देत नसे. मधला मिसरूड फुटलेला, लाजायचा, तरी मान खाली घालून उभा राहायचा. तिला स्वतःला मात्र कुणी आशीर्वाद द्यायला गेलं की ती निसटायची. आमच्या म्हाताऱ्या बायकांचे हात सारखे शिवशिवत असतात, येणाऱ्याजाणाऱ्यावर क्रूस काढत बसतात. एकदा एकीने हात उचलला तर झेनायदा हातातला गोळा तसाच माझ्या फळीवर ठेवून चालती झाली. बायका म्हणाल्या, बघा, अंगाला लागतोय हिच्या. मीही म्हणालो.

आणि कुणी पलीकडे त्या बाजूला जाणार आहे असं कळलं की ती त्याच्या दारात जायची. इतर बायका चीज मागवतात, मिरच्या मागवतात. ही विचारायची, "आमच्या गावावरून, सौसितोवरून जाल ना? आमच्या दारात बाभूळ आहे, डावीकडे कललेली. उभी आहे का एवढं बघा." माणूस परत आला की हात हलवत सांगायचा, बस तिथे थांबलीच नाही, किंवा झोप लागली होती. एकाने दया येऊन सांगितलं, आहे उभी. तिने विचारलं, कुठल्या बाजूला कलली आहे? तो म्हणाला, उजवीकडे. तिने त्याला जेवायला वाढलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

तर अशा या बाईच्या दारात नेरेइदा आली.

नेरेइदा आमच्याच वस्तीतली. तिचा पंधराव्याचा झगा झेनायदानेच शिवलेला, आकाशी रंगाचा. आता पोर आरोग्यसेविका झाली होती, गळ्यात फोटोचं कार्ड, हातात कागदांची चवड. कुठल्यातरी विद्यापीठाचं संशोधन निघालं होतं: आमच्या बायकांना छातीचा कॅन्सर होतो तो कुणाला होतो, का होतो, आधी कळू शकेल का. त्यासाठी त्यांना आजारी नसलेल्या, धडधाकट बायका हव्या होत्या. पाच वर्षं, सहा महिन्यांतून एकदा क्लिनिकमध्ये जायचं. ते प्रश्न विचारणार, एक नळी रक्त घेणार, गरज वाटली तर यंत्रावर छातीचा फोटो काढणार.

पोरीने त्रेचाळीस दारं ठोठावली. त्याचा निकाल रोज माझ्या टपरीवर लागायचा.

"धडधाकट बाईला बोलावतात?" चोले म्हणाली. "इथे आजारी बाईला दारात उभं करत नाहीत."

"रक्त घेतात आणि वर उत्तरेला विकतात."

"तुझं कोण विकत घेणार, त्यात निम्मी साखर आहे."

"नाव-पत्ता लिहून घेते ती. आज कागद, उद्या सीमेवरच्या पोलिसांची हिरव्या पट्ट्याची गाडी दारात."

"शोधणाऱ्याला सापडतं, बायांनो. माझ्या आजीने कधी शोधलं नाही, ब्याण्णव वर्षं जगली."

"तुझी आजी चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेली. मी होते मातीला."

"तो धसका होता. नाहीतर ब्याण्णव."

चोलेचं शेवटचं म्हणणं असं पडलं की, "छातीचं माप शिंपिणीला दिलं तेवढं पुरे. विद्यापीठाला काय झगा शिवायचाय?" यावर सगळ्या हसल्या, आणि नेरेइदा बिचारी माझ्याकडून लिंबाचा गोळा घेऊन सावलीत बसली. मी म्हटलं, पोरी, कोण तयार झालं? ती म्हणाली, अजून कुणी नाही. मी म्हटलं, माझी छाती चालेल का, केस भादरून देतो. ती हसली, पण थकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बातमी आली की झेनायदा हो म्हणाली.

का म्हणाली याचे वस्तीत चार तर्क झाले. खरं कारण नेरेइदाकडून मला मागाहून कळलं. कागदावर पहिले दोन प्रश्न झेनायदाचे स्वतःचे होते, तिसऱ्यापासून आई सुरू. आईला पहिलं मूल कितव्या वर्षी झालं. किती मुलांना पाजलं, किती महिने. आई काय खायची. काम काय करायची. केस कधी पिकले. झेनायदा शिवणयंत्रावर होती. तिने पाय थांबवला. म्हणाली, "हे सगळं त्यांना माझ्या आईचं हवंय?" नेरेइदा म्हणाली, "हो मावशी." एकवीस वर्षांत त्या बाईला तिच्या आईबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. तिच्या पाठीमागे बोललं जायचं, तिला विचारत कुणी नव्हतं. तिने यंत्रावर फडकं टाकलं, कॉफी ठेवली आणि बोलायला बसली.

अर्ध्या तासाचे प्रश्न होते, अडीच तास लागले. तोमासा मक्याचं पीठ दळताना शीळ घालायची. तिला सात मुलं झाली, दोन राहिली. तिला निवडुंगाची कोवळी पानं आवडायची, अंड्यात परतलेली, आणि त्याच्या लाल फळाचा रस. शेवटचा घास ती नेहमी धाकटीला द्यायची. तिचा एक दात चांदीचा होता. नेरेइदाच्या कागदावर चांदीच्या दाताला जागा नव्हती, तरी पोरीने समासात लिहून घेतलं. चांगली पोर आहे.

मग प्रश्न आला: आईच्या मृत्यूचं कारण.

"दुःख," झेनायदा म्हणाली.

"मावशी, रोग सांगा."

"दुःखाने गेली. माझ्या. लिही."

"असा रकाना नाही."

"मग कर एक. तुझ्याकडे पेन आहे."

नेरेइदाने समजावलं की आईला किंवा बहिणीला छातीचा कॅन्सर झाला असेल तर त्या बायकांचा गट वेगळा, त्यांचा फोटो लगेच काढतात. म्हणून हे विचारावंच लागतं. ठाऊक नसेल तर "माहीत नाही" असं लिहू. झेनायदा म्हणाली, "मला माहीत आहे." पोरीने विचारलं, शेवटी बारीक झाली होती? खोकायची? अंगावर कुठे गाठ? झेनायदा म्हणाली, आई एक दिवस आजारी पडली नाही. मग नेरेइदा कागद आवरताना एक वाक्य बोलली. मला सांगताना पोर म्हणाली, मी बोलायला नको होतं बहुतेक.

"पाच महिन्यांत नुसत्या दुःखाने कुणी मरत नाही, मावशी. काहीतरी असतं."

रकाना रिकामा राहिला. पहिल्या भेटीचा गुरुवार तीन आठवड्यांवर होता. तोवर कळलं तर सांगा, असं ठरलं.

आता या तीन आठवड्यांत वस्तीने काय केलं ते सांगतो, कारण तेही आमच्याच स्वभावातलं. झेनायदाला दुकानात कुणीतरी विचारलं, ती पोर तुझ्याकडे काय करत होती? ती म्हणाली, "मी एका एस्तुदिओत आहे." आता आमच्या भाषेत एस्तुदिओ म्हणजे संशोधन, एस्तुदिओ म्हणजे शाळेतला अभ्यास, आणि डॉक्टर माणसाला आतून-बाहेरून तपासायला घेतो, रक्त, लघवी, फोटो, तेही एस्तुदिओच. अभ्यास करायचं तिचं वय नव्हतं. संशोधन हा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. राहिला तिसरा. संध्याकाळपर्यंत वस्तीत झालं होतं की झेनायदाला छातीचा कॅन्सर आहे आणि डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली आहे.

झेनायदाच्या दारात कोंबडीच्या रश्श्याची पातेली यायला लागली. एका बाईने उसवलेला झगा परत मागून नेला, न जाणो. आणि चोलेने एव्हारिस्तोकडे लक्ष घातलं. छपरावरून उतरून तो घरी आला की कुंपणावरून मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या गरम तमालेंची ताटली यायची.

"खा हो एव्हारिस्तो. पुरुषमाणसाने अशा वेळी शक्ती टिकवायला हवी."

"कशा वेळी?"

"मी काही बोलत नाही. माझं तोंड शिवलेलं आहे."

एव्हारिस्तोने तमाले खाल्ले आणि घरात जाऊन बायकोला विचारलं, "तू मरतेयस का?"

"नाही. उलट त्यांना न मरणाऱ्या बायकाच हव्यात."

"मग तिथे तुझी छाती बघणार कोण?"

"यंत्र."

"यंत्र चालवणार कोण?"

"बाई."

त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "चोलेला आत्ताच सांगू नकोस. तमाले बरे होते."

हे त्याने स्वतः मला सांगितलं. वस्तीला खरा प्रकार कळला तेव्हा दया आटली आणि थट्टा सुरू झाली. आमच्याकडे ज्याच्यावर औषधं करून बघतात त्याला ससा म्हणतात. झेनायदाच्या फाटकावर कुणीतरी गाजरांची जुडी लटकवली. तिने ती काढली, रश्श्यात घातली आणि वाटीभर रस्सा चोलेकडे पाठवून दिला. कुणी लटकवली ते तिला माहीत होतं. गाजरं बांधली होती ती लेस तिच्याकडचीच होती, चोलेच्या भाचीच्या झग्यातून उरलेली.

पण हे सगळं वरवरचं. बाई आतून हलली होती. शिवणयंत्र चालू असायचं आणि मधेच थांबायचं. दुपारची ती कालव्याच्या पुलावर येऊन उभी राहायची, दक्षिणेला तोंड करून. तिथून दिसतं काय? ऊस, आणि त्यापलीकडे नदीच्या त्या तीरावरचा रेडिओचा मनोरा. मी एकदा म्हटलं, झेनायदा, ऊन लागेल. ती म्हणाली, "चेमामामा, काहीतरी असेल तर काय असेल?" मी म्हटलं, कशाचं? ती म्हणाली, "आणि नसलंच तर?" तेव्हा मला समजलं नाही. आता समजतं. एकवीस वर्षं तिने एक शिक्षा सवयीने अंगात मुरवली होती. आता कुणीतरी म्हणालं, ती कदाचित तुझी नव्हतीच. विचारायला जावं आणि बहिणीने पुन्हा तेच सांगावं, तर मग शेवटची फटही बंद.

विचारायचं तर क्लेओफासला, आणि क्लेओफासचा नंबर तिच्याकडे नव्हता. त्या फोननंतर दोन नाताळ तिने तिकडच्या गावातल्या दुकानात फोन करून निरोप ठेवले, पलीकडून कुणी आलं नाही. नंबर मिळवू शकेल अशी बाई वस्तीत एकच. त्या बाईचा भाऊ अजून तिकडे राहत होता.

गुरुवार पाच दिवसांवर आला तेव्हा, शनिवारी, चोले माझ्याकडे चिंचेचा गोळा खात असताना झेनायदा आली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"कोमाद्रे, मला क्लेओफासचा नंबर हवाय."

चोलेच्या तोंडातला बर्फ तोंडातच राहिला. "कोण क्लेओफास?"

"माझी बहीण. जिच्या गावची बातमी तू सगळ्यांना सांगतेस."

"मी? मी काय सांगते? चेमामामा, मी काही सांगितलं का कधी?"

मी बर्फाची लादी पुसायला घेतली.

"तू सांगतेस तेच मीही स्वतःला सांगते," झेनायदा म्हणाली. "फक्त चिंच घालून घेत नाही. नंबर दे."

चोलेचा चेहरा पडला. बाई वाईट नाही. ती उठली, घरी गेली, भावाला फोन लावला, आणि तासाभरात नंबर एका रश्श्याच्या डागांच्या कागदावर आणून दिला. देताना म्हणाली, "मी तिथे नव्हते गं. लोक म्हणत होते तेच म्हटलं."

रविवारी प्रार्थनेनंतर झेनायदा फोनचं कार्ड घेऊन माझ्या टपरीच्या मागच्या बाजूला आली. म्हणाली, "घरून केला तर मुलं ऐकतील, आणि कुंपणापलीकडून चोले. इथे निदान तुम्ही एकटे ऐकाल." मी म्हटलं, मी बाहेर थांबतो. म्हणाली, "थांबा बाहेर. तरी ऐकालच." फोन जुना, आवाज बाहेर सांडणारा. मी दोन पावलं सरकलो. जास्त नाही.

बराच वेळ घंटी. मग एक खरखरीत आवाज.

"कोण?"

"झेनायदा."

 पलीकडे कोंबडा ओरडत होता, मग एक दार लागल्याचा आवाज आला.

"बोल," क्लेओफास म्हणाली.

"तू बरी आहेस?"

"एकवीस वर्षांनी हे विचारायला फोन केलास?"

"नाही. अमा कशाने गेली ते विचारायला केलाय."

"सांगितलं होतं तुला."

"पुन्हा सांग. इथे एका कागदावर लिहायचंय. दुःख लिहून घेत नाहीत."

क्लेओफास हसली की काय झालं मला कळलं नाही. नाकातून एक आवाज आला. मग म्हणाली, "कोण लिहून घेत नाही?"

झेनायदाने सगळं सांगितलं, घाईघाईने: विद्यापीठ, रकाने, सुदृढ बायका, आई किंवा बहीण. 

"मला शपथ घातली होती तिने," क्लेओफास म्हणाली.

"कसली?"

"कुणाला सांगायचं नाही म्हणून. छातीचं कुणी सांगतं का? गावात म्हणाले असते या घरातल्या मुलींना ते असतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा. पुढे मोडलंच ते, पण ठरत होतं."

झेनायदाने फळीची कड धरली.

"उजवीकडे होती," क्लेओफास सांगत राहिली. "आधी लिंबाएवढी. मग फुटली. मी फडकी धुवायची, नदीवर नाही, घरामागे, कुणाला दिसू नयेत म्हणून. वास जावा म्हणून ती ओव्याची पानं जाळायची. तुला वाटायचं डासांसाठी."

"कधीपासून?"

"तू गेलीस त्याच्या आदल्याच्या आदल्या ईस्टरला दाखवली तिने मला."

"मी घरात होते तेव्हा? मी घरात होते, क्लेओ."

"होतीस. तुझ्यापासूनच लपवायचं होतं. म्हणाली, हिला कळलं तर ही जाणार नाही. इथे बसून माझी फडकी धूत म्हातारी होईल."

झेनायदाला पुढचं विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं.  शेवटी आवाज निघाला तो एकोणीस वर्षांच्या पोरीचा निघाला.

"मग हात का नाही उचलला तिने?"

"कधी?"

"मी उंबऱ्यात गुडघे टेकले होते. तू मागे उभी होतीस. तिने हात नाही उचलला."

"उचलेल कशी," क्लेओफास म्हणाली. "काखेत पसरलं होतं. तीन महिने तो हात वर जात नव्हता, केस मी विंचरायची. तुला वाटायचं मी लाडाने विंचरते."

"डाव्याने काढायचा होता."

"डाव्या हाताने कोण क्रूस काढतं, झेनायदा? तू काढतेस तुझ्या पोरांवर?"

झेनायदाने फोन दुसऱ्या कानाला लावला. क्लेओफास म्हणाली, "तू बसमध्ये चढलीस तेव्हा ती आत भिंतीशी उभी होती. मला म्हणाली, माझा हात धर आणि वर कर. मी धरला. तिला ओरडायचं होतं ते तिने दाताखाली धरलं. मी तिचा हात धरून तुझ्या बसच्या दिशेने क्रूस काढला. बस तेव्हा वळणापलीकडे गेली होती."

बाहेर उन्हात मी लादीवरचं पोतं उगाच सारखं करत होतो.

"मला हे फोनवर का नाही सांगितलंस?" झेनायदाने विचारलं. "दुःखाने गेली असं का म्हणालीस?"

"शपथ होती."

"शपथ होती तर ताप म्हणायचं होतंस. माझं दुःख का म्हणालीस?"

पलीकडे पुन्हा तो कोंबडा.

"कारण मी एकटी धुवायची ती फडकी," क्लेओफास म्हणाली. "आणि ती शेवटी नाव तुझं घ्यायची. मला वाटलं, तुलाही काहीतरी बोचावं. एवढं बोचेल असं नव्हतं वाटलं. मग दुकानातून तुझे निरोप यायचे तर माझी हिंमत होईना."

मला वाटलं आता झेनायदा फोन आपटेल. मी आपटला असता. तिने विचारलं, "दारातली बाभूळ आहे का?"

"पडली. सहा वर्षं झाली. वादळात."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. कुठे पडणार दुसरीकडे, तिकडेच तर कलली होती."

मग दोघी रडल्या की काय ते मी सांगणार नाही. काही गोष्टी मीही पोटात ठेवतो. शेवटचं एवढं ऐकलं की झेनायदा म्हणत होती, "तूही जाऊन दाखव, क्लेओ. तालुक्याला डॉक्टर असेल ना?" आणि क्लेओफास म्हणत होती, "शोधणाऱ्याला सापडतं." आणि झेनायदा म्हणत होती, "अमाने शोधलं नव्हतं, तरी सापडलंच ना?" तेवढ्यात कार्ड संपलं.

गुरुवारी ती नेरेइदाबरोबर क्लिनिकला गेली. निघताना दारात एव्हारिस्तो होता, मुलं होती, कुंपणापलीकडे चोले कपडे वाळत घालण्याचं नाटक करत होती. झेनायदाने रकान्यात काय लिहायचं ते नेरेइदाला दारातच सांगितलं, मोठ्याने, चोलेला ऐकू जाईल इतक्या. तिला दुसऱ्या गटात घातलं आणि त्याच दिवशी यंत्रावर फोटो काढला. फोटोत काही नव्हतं. सहा महिन्यांनी पुन्हा काढला, तेव्हाही नव्हतं. चोलेने नाव नोंदवलं; म्हणाली, हिच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं ना तिथे. तिच्यामागून आणखी पाच जणी गेल्या. ज्या बाईने झगा परत नेला होता ती अजून गेलेली नाही. तिच्या मते यंत्राच्या दाबानेच गाठ होते.

क्लेओफासचा दर रविवारी फोन येतो. ती डॉक्टरकडे गेलेली नाही. दर रविवारी झेनायदा विचारते, दर रविवारी ती म्हणते पुढच्या आठवड्यात. तोमासाची कबर तिकडे टेकडीवर आहे. झेनायदाने ती अजून पाहिलेली नाही आणि कधी पाहील याची काही चिन्हं नाहीत. पुलावर ती अजूनही येऊन उभी राहते. मी आता ऊन लागेल म्हणत नाही. गोळा करून देतो, निवडुंगाच्या लाल फळाच्या रसाचा, कारण तिच्या आईला तो आवडायचा असं नेरेइदाच्या कागदावर लिहिलेलं आहे.

वस्तीत कुणाला तोमासाचं विचारलं तर म्हातारे अजून म्हणतात, दुःखाने गेली. सवय आहे. म्हणून लिहून ठेवतो. तोमासा ओल्वेरा उजव्या स्तनाच्या कॅन्सरने वारली. मुलगी घर सोडून निघाली तेव्हा तो रोग तिला होऊन दीड वर्ष झालं होतं. झेनायदाने आपल्या आईला मारलं नव्हतं.